हातावरचा नंबर

“दाबा काका, एक दाबा! वेळ संपून राह्यला!”

भीमसिंगने एक दाबला. काचेवरचा आकडा ढिम्म हलला नाही. त्याने पुन्हा दाबला, अंगठ्याने दाबला, मग शिलाई मशीनच्या पायट्यावर द्यावा तसा जोर देऊन दाबला. सुया टोचून टोचून त्याच्या बोटांची टोके इतकी निबर झाली होती की त्या नाजूक फोनला ती माणसाची बोटे वाटतच नव्हती. तेवढ्यात फोनमधल्या गोड आवाजाच्या बाईने ‘आपण कोणताही पर्याय निवडला नाही’ असे सांगितले, धन्यवाद म्हटले आणि ती गेली.

“गेली,” रजत म्हणाला.

“गेली त गेली. पुन्हा बोलाव तिले.”

“अशी नाई बोलावता येत काका. पुन्हा पह्यल्यापासून मेसेज टाका लागते.”

भीमसिंगने कपाळावर हात मारला. घाटंजीच्या बसस्टँडमागच्या गल्लीत एका बाजूला त्याचे शिलाईचे दुकान आणि समोर रजतचे मोबाइलचे. सकाळपासून तो या दोन दुकानांमध्ये हेलपाटे घालत होता. बाजाराचा दिवस, गिऱ्हाईक दारात येऊन परत जात होते, मशीनवर अर्धवट शिवलेला ब्लाउज एका बाहीनिशी लोंबत होता, आणि हा गृहस्थ एका काचेच्या तुकड्याला विनवण्या करत होता. हे सगळे कशासाठी, तर इ-सिमसाठी.

साधे सिम म्हणजे नखाएवढा तुकडा, तो निदान दिसतो तरी. इ-सिम दिसत नाही. ते फोनच्या पोटातच असते म्हणे. हातात घेता येत नाही, हरवत नाही, काढता येत नाही. भीमसिंगला त्यातले शेवटचे तेवढे हवे होते. काढता येत नाही.

कारण आधीचे सिम त्याच्या आईने काढले होते. मोतीबाईला, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत याडीला, हल्ली काय सुचेल याचा नेम नव्हता. तांड्यातल्या घरी एका दुपारी तिने भीमसिंगच्या जुन्या फोनचे मागचे झाकण उघडले, आतला तो पिवळा चमकता तुकडा पाहिला, सोन्याचा मणी समजून अलगद काढला आणि ओढणीच्या गाठीत बांधून ठेवला. फोन मेल्यासारखा पडून राहिला. भीमसिंगने दुकान पालथे घातले, घर पालथे घातले, उगाच दोघातिघांवर संशय घेतला. शेवटी उज्ज्वला, त्याची बायको, ओढणी धुवायला बसली तेव्हा गाठीतून सिम निघाले.

त्यांची मुलगी अंजू नागपुरात एका दवाखान्यात नर्स होती. तिला हे कळले आणि तिने आपला जुना पण भारी फोन बापाला पाठवून दिला. “बा, याच्यात इ-सिम टाक. दादीले काढताच येनार नाई,” ती म्हणाली होती. उज्ज्वलाचे म्हणणे वेगळे होते. “एक बारका इस्कू मारा न त्या झाकनाले,” ती म्हणाली होती. या घडीला भीमसिंगला आपल्या बायकोइतके शहाणे माणूस सगळ्या जिल्ह्यात दिसत नव्हते.

रजतने जुने सिम स्वतःच्या फोनमध्ये टाकून पुन्हा मेसेज धाडला. मेसेजला उत्तर आले, उत्तराला उत्तर गेले.

“काका, मी काय म्हनतो, नवा नंबर घ्या न. नव्या नंबरावर इ-सिम आत्ताच्या आत्ता देतो. हे जुन्याची भानगडच नाई.”

“हे तू सकाळपासून तिसऱ्यांदा बोलला. नवा नंबर घेतो मी. अन् हात? हात बी नवा आनू काय तिचा?”

रजतने हातातला फोन खाली ठेवला. त्याने दुकानाच्या दाराकडे पाहिले. समोर, भीमसिंगच्या दुकानाच्या उंबऱ्याशी स्टुलावर मोतीबाई बसली होती. उज्ज्वला कापूस वेचणीला गेलेली, घरी कोणी नाही, म्हणून भीमसिंगने आज तिला सोबत आणले होते. भिंगे लावलेला फेटिया म्हणजे घेरदार घागरा, वर काचळीची चोळी, दंडभर पांढऱ्या बलियांच्या बांगड्या, पायांत चांदीचे वाळे. मांडीवर भीमसिंगने दिलेल्या चिंध्या होत्या आणि त्यांतल्या लाल लाल तेवढ्या ती वेगळ्या काढत होती. बलियांच्या खाली, कोपरापासून मनगटापर्यंत, लहानपणी गोंदलेले हिरवे ठिपके होते, आणि त्या ठिपक्यांच्या मधोमध भीमसिंगचा मोबाइल नंबर.

आपण विसरायला लागलो, हे सर्वांत आधी मोतीबाईलाच कळले होते. एकदा ती याच बाजारातून दुकानाची वाट चुकली आणि संध्याकाळपर्यंत धान्याच्या गल्लीत बसून राहिली. मग भीमसिंगने तिच्या ओढणीवर लाल दोऱ्याने नंबर शिवला. ती दुसरी ओढणी घेऊन बाहेर पडली. त्याने चिठ्ठी घालून ताईत केला. तो तिने शेजारच्या बकरीच्या गळ्यात बांधला. शेवटी जत्रेत, डोके जागेवर असलेल्या एका सकाळी, ती आपण होऊन गोंदणाऱ्याच्या पुढ्यात जाऊन बसली आणि हात पुढे केला. “ल्योकाचा नंबर टाक बाप्पा.” भीमसिंग नको नको म्हणत होता. त्यालाच तिने चार शब्द सुनावले. “कपडा फाटते, दागिना चोर नेते. गोंदन वर जातानी बी संग येते. देवाघरी वाट चुकली त तिथून बी तुलेच फोन लावतील.”

सिमची ती भानगड सोडली, तर त्या दिवसापासून भीमसिंगने फोन कधी बंद पडू दिला नव्हता. तो नंबर म्हणजे नुसता हरवल्यावर सापडायचा उपाय नव्हता. पोटासाठी त्याने कितीतरी वर्षे सुरतेला कापडाच्या कारखान्यात काढली होती, आणि त्या सगळ्या वर्षांत आईला तो भेटायचा तो फोनवरच. डोळ्यांसमोरचा मुलगा ती आता कधी कधी विसरे, पण फोनवरचा तिला अजून एकदाही परका वाटला नव्हता. ती घरी जेवायला नाही म्हणाली, की उज्ज्वला तिच्या कानाला फोन लावी आणि भीमसिंग दुकानातून सांगे, याडी, खा. ती खाई.

“आला, फोन आला!” रजत ओरडला. “थांबा, तुमी नका दाबू. मी दाबतो.”

गोड आवाजाच्या बाईला या वेळी हवे ते मिळाले आणि ती खूश होऊन गेली. लगेच मेसेज आला. तुमची विनंती मान्य झाली आहे, तुमचा कोड तुमच्या ई-मेलवर पाठवला आहे.

“जमलं!” रजत म्हणाला. “आता मेल उघडा, म्हनजे तो चौकोनी कोड या फोननं टिपून घेतो.”

“कोनता मेल?”

“तुमचा मेल.”

“माह्या कायचा मेल बाप्पा?”

रजतने मेसेज पुन्हा वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. कंपनीच्या दप्तरी भीमसिंगच्या नावावर जो ई-मेल होता, त्याची सुरुवातच शामच्या नावाने होत होती. शाम म्हणजे तहसीलसमोर दाखले काढून देणारा. कुठल्याही अर्जात ई-मेलचा रकाना आला की तो गिऱ्हाइकाला त्रास नको म्हणून बिनदिक्कत स्वतःचाच टाकी. अर्ध्या तालुक्याचे टपाल त्याच्याकडे जात होते आणि अर्ध्या तालुक्याला त्याचा पत्ता नव्हता.

“लाव शामले,” भीमसिंग दातओठ खात म्हणाला.

शाम राळेगावला साळीच्या, म्हणजे मेहुणीच्या, लग्नात होता. त्याने फोन उचलला तेव्हा आधी बँड आला आणि मग शाम आला.

“कोन? भीमभाऊ? या न जेवाले!”

“जेवाले नाई, कोड! माह्या कोड तुह्याकडं आला, तो पाठव!”

“रोड? रोड चांगला हाय, या तुमी!”

रजतने फोन हिसकावून घेतला आणि गल्लीतली कुत्री उठून बसतील अशा आवाजात त्याला सगळे समजावले. बऱ्याच वेळाने रजतच्या फोनवर एक चित्र आले. काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन होता, पण खालून कापलेला. पुन्हा फोन, पुन्हा बँड, पुन्हा आरडाओरडा. या वेळी कोड पुरता आला. रजतने आपल्या फोनवर तो मोठा करून धरला, भीमसिंगने अंजूचा फोन त्याच्यासमोर धरला, जवळ नेला, लांब नेला. टक् झाले. पडद्यावर एक चक्र गरगर फिरू लागले. खाली लिहिले होते, सुरू होत आहे, थोडा वेळ लागू शकतो.

“म्हनजे किती?”

“आता ते कंपनीच्या मनावर हाय काका. कधी लगेच होते, कधी दोन दोन तास लागते.”

“मंग तवर जुनं सिमच टाकतो माह्या जुन्या फोनात.”

“ते बंद पडलं. पाहा.” जुन्या सिमच्या नावापुढच्या रेघा गेल्या होत्या.

“जुन्यात नंबर नाई, नव्यात नाई. मंग हाय कोठी तो सध्या?”

रजतने खांदे उडवले. “मधात.”

“मधात म्हनजे?”

“हवेत, काका.”

हवेत! ज्या नंबरसाठी त्याने सुरतेहून आल्यापासून दुसरे सिम घेतले नाही, तो या लोकांनी हवेत सोडला होता आणि वर धन्यवाद म्हणत होते. भीमसिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंपनीला, शामला, शामच्या साळीला, अंजूला आणि अंजूच्या फोनला ठेवणीतल्या शिव्या घालायच्या म्हणून तो वळला, आणि त्याला समोरचे स्टूल दिसले.

स्टुलावर चिंध्या होत्या. लाल वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या. मोतीबाई नव्हती.

भीमसिंग पहिल्यांदा दुकानात धावला. मशीनखाली वाकून पाहिले, जणू ती तिथे मावणार होती. मग गल्लीच्या दोन्ही टोकांना जाऊन आला. पानठेल्यावाल्याने तिला पाहिले नव्हते.

“काका, कोनी ना कोनी फोन लावीनच न,” रजत म्हणाला. “हातावर त नंबर हाय.”

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आले. भीमसिंगने त्याचा फोन घेतला आणि स्वतःचाच नंबर लावला. ‘आपण डायल केलेला क्रमांक सध्या बंद आहे.’ तीच गोड बाई. आज याडीला कोणी माणुसकीने मदत करायला गेले, तर त्याला हेच ऐकू येणार होते. भीमसिंगने फोन रजतच्या हातात कोंबला.

“तू स्टँडकडं जाय,” तो म्हणाला. “येस्टीत बसली त गेली ती. मी बाजारात पाह्यतो.”

रजत गाडीवर बसून निघाला. भीमसिंग गळ्यात टेप तसाच लोंबकळत ठेवून, हातात तो फिरत्या चक्राचा फोन घेऊन बाजारात शिरला.

बाजार ऐन भरात होता. ढेपेची पोती, चपलांचे ढीग, मिरचीचा ठसका, पेरूंच्या पाट्या, आणि माणसांना माणसे घासून चाललेली. तो “याडी! ओ याडी!” अशा हाका मारत होता आणि ज्याला त्याला विचारत होता, “म्हातारी पाह्यली काय? फेटियावाली? हातात बलिया?” कोणी नाही म्हणे, कोणी नुसते पुढे बोट दाखवी. दोनदा त्याला भिंगे चमकलेली दिसली आणि दोनदा त्या दुसऱ्याच बायका निघाल्या. मध्येच तो फोनकडे पाही. चक्र फिरतच होते. ते फेकून द्यावे, त्याच्यावर पाय देऊन उभे राहावे, असे त्याच्या फार मनात आले. पण त्याच चक्राच्या पोटात कुठेतरी आईचा हात अडकलेला होता, म्हणून तो फोन त्याने उलट छातीशी धरला.

भाजीच्या ओळीच्या अगदी शेवटी, बाभळीच्या सावलीत, ती त्याला दिसली. गोणपाटावर बसून ती मेथी निवडत होती, घरच्यासारखी, पाने एकीकडे आणि काड्या एकीकडे. शेजारी भाजीवाली बाई वांगी तोलत होती. भीमसिंगचा जीव भांड्यात पडला.

“याडी!” तो धापा टाकत तिच्यासमोर बसला. “चाल, उठ. किती पाह्यलं तुले!”

मोतीबाईने मान वर केली. घामाने निथळणारा, डोळे तांबारलेला, ओरडणारा माणूस तिने पाहिला, आणि ती मागे सरकली.

“तू कुण छी?” तिने विचारले.

तू कोण, असे तिने विचारले होते, आणि तेही त्यांच्या घरच्या बोलीत. भीमसिंगला ते जास्त लागले.

“याडी, मं भीमा छूं.”

ती नाही नाही अशी मान हलवू लागली. त्याने तिचा हात धरला, तो तिने सोडवून घेतला आणि भाजीवालीच्या आड झाली. “बाई, याले जाय म्हना,” ती तिला म्हणाली. “मले नेऊन राह्यला हा.”

भाजीवालीने तराजू खाली ठेवला. तिचे नाव तानाबाई. स्वतःच्या वावरातला भाजीपाला ती दर बाजाराला आणत असे.

“कोन हाय रे तू?”

“मी तिचा ल्योक. चुकली ती दुकानातून.”

“ल्योक हाय, मंग वळखत काहून नाई तुले?”

“तिले याद राहत नाई बाई.”

“तिले याद राहत नाई, हे कोनी बी सांगन. अंगावर चांदी हाय म्हातारीच्या, मले दिसत नाई काय? मघाशी इथं येऊन उभी राह्यली, रडून राह्यली होती. हातावर नंबर दिसला त कवापासून लावून राह्यली मी. बंद! लावून लावून बोट दुखलं. असा कसा ल्योक बाप्पा, मायच्या हातावर नंबर गोंदते अन् फोन बंद ठिवते?”

याला भीमसिंगकडे उत्तर होते. मेसेज, गोड बाई, शाम, साळीचे लग्न, हवेतला नंबर, सगळे होते. पण ते सांगायला तोंड उघडले आणि त्याला इतकी लाज वाटली की त्याने ते मिटून घेतले. बाई खरेच बोलत होती. फोन बंद होता.

“तिच्या हातावर नंबर हाय,” तानाबाई म्हणाली. “तो वाजला पाह्यजे. तो ज्याच्या खिशात वाजन, त्याच्या हातात देतो म्हातारी. नाई त चौकीत नेऊन बसवतो. मी सोडून जानार नाई तिले.”

भोवती चार माणसे जमली होती. त्यांतले कोणी म्हणाले, बरोबर हाय. भीमसिंगलाही ते बरोबरच वाटले, कारण याडीने हात पुढे केला होता तो याचसाठी. तो तिथेच, वांग्यांच्या ढिगापलीकडे, मातीत बसला. इकडे तो आणि तिकडे आई, आणि मधे ते चक्र. आयुष्यात त्याने कुठल्या देवाकडे इतके एकटक पाहिले नव्हते.

मोतीबाईने पुन्हा मेथी घेतली. मधूनच ती तानाबाईपुढे हात करी. “लाव न बाई. माह्या ल्योक लगेच येते.” तानाबाई लावी. फोनमधून ती गोड बाई बोले. तानाबाई ते म्हातारीला ऐकू जाऊ नये म्हणून फोन पदराआड धरी आणि सांगे, “उचलते माय, उचलते. कामात असन.”

चक्र थांबले.

भीमसिंगला आधी कळलेच नाही. पडदा क्षणभर काळा झाला, मग वरच्या कोपऱ्यात एक रेघ उमटली, तिच्या शेजारी दुसरी. “बाई,” तो म्हणाला, आणि त्याने फोन पुढे केला. “आता लावा.”

तानाबाईने मोतीबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला, हिरव्या ठिपक्यांतून वाट काढत एकेक आकडा वाचला आणि लावला. अंजूच्या आवडीचे कुठलेसे उडते गाणे भीमसिंगच्या हातात वाजू लागले. ते त्याने कधी ऐकलेले नव्हते. जमलेल्या माणसांत कोणीतरी हसले. तानाबाई हसली नाही. तिने त्याच्याकडे नीट पाहिले, पदराने तोंड पुसले आणि आपला फोन म्हातारीच्या कानाला लावला. “घे माय. तुह्या ल्योक.”

भीमसिंग उठून बाभळीमागे गेला. समोर बसून बोलण्यात अर्थ नव्हता. त्याने बोट फिरवले, आणि या वेळी ते लागले.

“याडी,” तो म्हणाला.

“भीमा!” बाभळीपलीकडून आणि फोनमधून, दोन्हीकडून तिचा आवाज आला. “कत छी रे तू?”

कुठे आहेस म्हणून ती विचारत होती. घरच्या बोलीत ती भराभरा सांगू लागली, की ती बाजारात आहे, बाई चांगली आहे, पण एक माणूस आला आहे, फार ओरडतो, हात धरतो, तू लवकर ये.

भीमसिंगने बाभळीला टेकून डोळे मिटून घेतले. मग तो तिच्याच बोलीत शांतपणे म्हणाला, की तो माणूस आपलाच आहे. मीच त्याला धाडले आहे. त्याच्याबरोबर ये. आता तो ओरडणार नाही.

“बरं,” मोतीबाई म्हणाली.

तो पुढे आला तेव्हा ती उभी होती. फेटियाला चिकटलेली मेथीची पाने तिने झटकली आणि त्याच्यापुढे आपण होऊन हात केला. तानाबाईने निवडलेली मेथी कागदात बांधली आणि म्हातारीच्या ओढणीत घातली. पैसे म्हटल्यावर ती भीमसिंगवर पुन्हा डाफरली. “चाल, नीघ. अन् तो फोन चालू ठेवत जाय.”

गर्दीतून ती दोघे सावकाश निघाली. भीमसिंगने तिचा नंबराचा हात धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो माणसे बाजूला सारत होता. मोतीबाई आता खुशीत होती. “माह्या ल्योक शिलाई करते,” ती त्याला सांगत होती. “सुरतेले होता. आता इथंच असते. तुले सदरा शिवून देईन, मी सांगतो त्याले.”

“सांगजो,” भीमसिंग म्हणाला.

वाटेत ओळखीचे कोणी भेटले की ती थांबे आणि सांगे, दुकानात माझा भीमा वाट पाहत बसला आहे. लोक एकदा तिच्याकडे आणि एकदा भीमसिंगकडे पाहत. तो मान डोलावी. गल्ली जवळ आली तशी तिची पावले भरभर पडू लागली, आणि भीमसिंग आपली जितकी हळू टाकता येतील तितकी हळू टाकू लागला.